तीन गोळ्या चालतात, मग चौथी का सोसत नाही? फेनिटॉइन नावाचं जुनं औषध समजून घेताना

"ह्यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही हो. पण आता गल्लीतले लोक तसंच समजायला लागलेत." औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याला फिट यायच्या. कित्येक वर्षं फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्यांवर सगळं सुरळीत चाललं होतं. महिन्यापूर्वी अचानक फिट आली, म्हणून एक गोळी वाढली. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात तोल जायला लागला, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले. मी त्यांना गोळ्यांच्या पाकिटासकट त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं. रक्त तपासलं तर औषधाची पातळी हवी त्याच्या दुपटीहून जास्त निघाली.

गोळ्या तीनाच्या चार झाल्या, म्हणजे एकतृतीयांश वाढल्या. मग रक्तातलं औषध इतकं कसं वाढलं? चूक बाईंची नव्हती, गोळ्याही खराब नव्हत्या. हा फेनिटॉइनचा स्वभावच आहे. हे औषध बाजारात येऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली, तरी ते सुरक्षित कसं द्यावं यावर अजून संशोधन चालू आहे. जे ते रोज घेतात, त्यांना त्यातलं थोडं तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं मागे जाऊ

फिट, आकडी, फेफरं, मिरगी अशा अनेक नावांनी आपण ज्याला ओळखतो, त्या आजाराचं पुस्तकी नाव अपस्मार. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक संदेश पाठवत असतात. एखाद्या भागातल्या पेशी एकाच वेळी आणि बेसुमार संदेश सोडू लागल्या, की फिट येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. औषध स्वस्त असणं किती महत्त्वाचं आहे, ते यावरून लक्षात येईल.

फेनिटॉइन पहिल्यांदा १९०८ साली हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. त्यानं गुंगी येत नव्हती, त्यामुळे औषध म्हणून त्याच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. फिटवर तेव्हा ब्रोमाइड आणि पुढे फिनोबार्बिटोन ही औषधं दिली जायची. ती फिट थोपवायची, पण माणूस दिवसभर पेंगत राहायचा. फिट थांबवायची तर मेंदूला झोपवावंच लागतं, असाच तेव्हा समज होता. १९३० च्या दशकात बॉस्टनमध्ये ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांवर प्रयोग करून तो खोडून काढला. फेनिटॉइन फिट रोखत होतं आणि मांजरं जागी राहत होती. १९३८ साली रुग्णांवरचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. जागेपणी, कामधंदा करत, फिटविना जगता येतं हे लाखो लोकांना या औषधानं दाखवलं. आपल्याकडे एप्टॉइन किंवा डायलँटिन या नावांनी ते घरोघरी माहीत आहे.

ते काम कसं करतं? मेंदूच्या पेशीला सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की संदेश पुढे जातो, मग ते मिटतं आणि क्षणभर विसावतं. फेनिटॉइन या विसावलेल्या दाराला कडी घालतं. अधूनमधून शांतपणे उघडणाऱ्या दारांना ती कडी फारशी बसत नाही. फिटच्या वेळी धडाधड उघडमीट करणाऱ्यांना मात्र बसते. त्यामुळे नेहमीचं काम चालू राहतं आणि उधाण तेवढं आवरतं.

मोरी तुंबते तेव्हा

आता त्या चौथ्या गोळीकडे येऊ. घरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. नळ बारीक सोडला तर पाणी जाळीतून निघून जातं. थोडा मोठा केला तरी जातं. पण जाळीतून एका मिनिटात जेवढं पाणी जाऊ शकतं त्याला मर्यादा आहे. नळाची धार त्या मर्यादेला भिडली की पाणी साचायला लागतं. मग धार जराशीच वाढवा, पाणी थेट उंबऱ्याशी येतं.

बहुतेक औषधांच्या बाबतीत शरीराची मोरी ऐसपैस असते. डोस दुप्पट केला तर रक्तातली पातळी साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनची मोरी अरुंद आहे. यकृतातली जी विकरं, म्हणजे रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं, फेनिटॉइन निकामी करतात, ती नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेनं राबत असतात.

एक हिशेब मांडून बघू. हा गणितासाठी कल्पिलेला माणूस आहे, प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात. समजा याचं यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम औषध निकामी करू शकतं. रोज ३०० मिलिग्रॅम घेतल्यावर त्याच्या रक्तात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम औषध स्थिरावतं. ३५० घेतले तर त्याच सूत्रानं ही पातळी २० होते. ३७५ घेतले तर ३३. आणि ४०० घेतले तर गणित ८० वर जातं. एवढं शरीराला मुळीच झेपणारं नाही.

सर्वसाधारणपणे १० ते २० ही पातळी उपयोगाची मानतात. २० च्या वर बऱ्याच जणांचे डोळे बाजूला बघताना थरथरू लागतात, ३० च्या आसपास चाल डगमगते, ४० च्या वर सुस्ती आणि गोंधळ वाढतो. म्हणजे पुरेसं आणि जास्त यांमध्ये अंतर किती, तर अर्ध्या गोळीचं. म्हणूनच ३० किंवा ५० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रा मिळतात आणि जाणते डॉक्टर वरच्या टप्प्यावर १०० ऐवजी तेवढंच वाढवतात.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. मोरी तुंबण्याच्या बेताला असेल तर पाणी हळूहळू चढत राहतं. पातळी स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. "गोळी वाढवून आठ दिवस झाले, काही त्रास नाही," या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही. त्या बाईंच्या नवऱ्याचं नेमकं हेच झालं होतं.

"रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग चक्कर का येते?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. रक्तातलं जवळपास ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. एसटीत बसलेल्या प्रवाशांसारखं समजा. गाडीत बसलेला माणूस बाजारात खरेदी करत नाही, उतरलेलाच करतो. औषधाचंही तसंच आहे. सुटं असलेलं १० टक्केच मेंदूपर्यंत पोचतं आणि काम करतं.

आता गाड्याच कमी झाल्या तर? कुपोषण, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, मोठं आजारपण, म्हातारपण या सगळ्यांत अल्ब्युमिन कमी होऊ शकतं. मग जास्त औषध सुटं फिरतं. नेहमीची तपासणी मात्र बसलेले आणि उतरलेले सगळे एकत्र मोजते. त्यामुळे कागदावर १२ हा आकडा छान दिसतो आणि माणूस प्रत्यक्षात झेलपाटत असतो. अशा वेळी डॉक्टर अल्ब्युमिनची तपासणी करून हिशेब दुरुस्त करतात किंवा जमल्यास सुट्या फेनिटॉइनची वेगळी तपासणी सांगतात. घरातल्या कुणाचं असं होत असेल तर "अल्ब्युमिन बघितलंय का?" एवढं विचारायला संकोचू नका.

औषध तेच, पण गोळीतलं बाकीचं काय?

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फिटचे अनेक रुग्ण एकाएकी फेनिटॉइनच्या विषबाधेची लक्षणं घेऊन येऊ लागले. त्यांचा डोस बदलला नव्हता, औषधही बदललं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूल भरायला वापरायचा निरुपद्रवी पदार्थ तेवढा बदलला होता. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, आता लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. कॅल्शियममुळे थोडं फेनिटॉइन आतड्यात अडकून वाया जायचं आणि डॉक्टरांनी नकळत त्या तोट्यासकटच डोस ठरवलेले होते. लॅक्टोज आल्यावर तो तोटा भरून निघाला, जास्त औषध रक्तात उतरलं आणि अरुंद मोऱ्या तुंबल्या.

गोळीवर छापलेले मिलिग्रॅम आणि रक्तात पोचणारे मिलिग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे औषधशास्त्रानं ज्या प्रसंगांतून शिकून घेतलं त्यातला हा एक. आज कंपन्यांना आपली गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते हे सिद्ध करावं लागतं. तरीही फेनिटॉइनच्या बाबतीत मी दुकानात एक पथ्य पाळत आलो आहे: रुग्णाला ज्या कंपनीचं चालू आहे तेच द्यायचं, दुसरं द्यायची वेळ आलीच तर डॉक्टरांना विचारून. स्वस्त जेनेरिक औषधांना माझा अजिबात विरोध नाही. जेनेरिक घ्या, पण एकाच कंपनीचं घ्या आणि तेच पुढे चालू ठेवा. तसंच, हळूहळू विरघळणारी कॅप्सूल आणि साधी गोळी यांची परस्पर अदलाबदल करू नये.

मुलांना देतात ते पातळ औषधही असंच घात करतं. त्यात फेनिटॉइन विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. बाटली न हलवता दिली तर वरचे डोस फिके जातात आणि तळाशी राहिलेले दाट. महिन्याच्या सुरुवातीला फिट येते आणि शेवटी मूल पेंगतं, असं घडलं तर आधी बाटली कशी हलवली जाते ते पाहावं. नाकातल्या नळीतून आहार चालू असेल तर त्याच वेळी दिलेलं फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही, म्हणून आहार आणि औषध यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

"दुसरं औषध तर टीबीचं आहे, त्याचा काय संबंध?"

आपल्याकडे हा प्रश्न फार मोलाचा आहे. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड फेनिटॉइन निकामी करणाऱ्या विकरांचं काम मंद करतं. म्हणजे मोरीच्या जाळीवर कुणीतरी पाय ठेवल्यासारखं. त्याच उपचारातलं रिफाम्पिसिन उलट जाळी मोकळी करतं. एकाच माणसाला दोन्ही औषधं चालू असतात, त्यामुळे त्याचं नेमकं काय होईल ते रक्त तपासूनच कळतं. मेंदूच्या टीबीत तर फिटचं आणि टीबीचं औषध सोबतच चालतं. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोलही पातळी वाढवतं. आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर फेनिटॉइनमुळे कमी होतो. ही गोष्ट अनेक बायकांना कुणी सांगितलेलीच नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिरेतून देताना

फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ येत राहिली, तर ती तातडीची अवस्था. दवाखान्यात आधी लोराझेपाम किंवा मिडाझोलामसारखं झटपट काम करणारं औषध देतात. त्यानं भागलं नाही, तर फेनिटॉइनचं इंजेक्शन हा वर्षानुवर्षांचा पुढचा टप्पा. इथे औषध पोचवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं जीवघेणा होतो.

फेनिटॉइन पाण्यात विरघळायला तयारच नसतं. ते विरघळावं म्हणून इंजेक्शनमध्ये ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल घालावं लागतं, शिवाय द्रावणाचा पीएच १२ च्या आसपास न्यावा लागतो. पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप. रक्ताचा पीएच ७.४ असतो, १२ म्हणजे कपडे धुण्याच्या सोड्याहूनही तीव्र. असं द्रावण बारीक शिरेत गेलं की शीर पोळते, बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. कधी कधी हात सुजून जांभळा पडतो. या अवस्थेला डॉक्टर 'जांभळा हातमोजा' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळलं तर औषधाचे स्फटिक होतात, म्हणून ते फक्त साध्या मिठाच्या सलाइनमधूनच जातं.

आणि घाई करता येत नाही. वेगानं दिलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. ६० किलोच्या माणसाला किलोमागे २० प्रमाणे १२०० मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे २४ मिनिटं. तेवढा वेळ हृदयाचा आलेख आणि रक्तदाब बघत बसावं लागतं. इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं २०१६ साली या इंजेक्शनच्या वापरातल्या चुकांमुळे मृत्यू ओढवू शकतो, असा खास इशारा रुग्णालयांना दिला होता.

यावर तोडगा म्हणून फॉसफेनिटॉइन आलं. अमेरिकेत १९९६ साली त्याला मान्यता मिळाली. फेनिटॉइनला फॉस्फेटचा एक तुकडा जोडला की ते पाण्यात सहज विरघळतं. रक्तात गेल्यावर शरीरातलीच विकरं तो तुकडा तोडतात आणि मूळ फेनिटॉइन मोकळं होतं. शीर पोळत नाही, स्नायूतही देता येतं, वेगही तिप्पट, म्हणजे तेच १२०० मिलिग्रॅम आठ मिनिटांत. पण तुकडा तुटायलाही वेळ लागतो. निम्मं औषध मोकळं व्हायलाच साधारण १५ मिनिटं जातात. त्यामुळे वाचणारा वेळ कागदावर दिसतो तेवढा मोठा नसतो. आणि हृदयावर लक्ष इथेही ठेवावंच लागतं.

या सुधारित औषधातून एक नवी चूक जन्माला आली, ती वाचताना अंगावर काटा येतो. मात्रा 'फेनिटॉइनच्या तुलनेत' मोजतात आणि बाटलीवर दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. काहींनी ते अख्ख्या बाटलीत ५० असं वाचलं. बाटली दहा मिलिलिटरची असेल तर तिच्यात असतात ५००. दहापट डोस गेले आणि काही रुग्ण दगावले. त्यानंतर तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात आला. रसायन सुधारलं तरी लेबल वाचणारा माणूस पहाटे तीन वाजता दमलेला असतो. औषधाच्या सुरक्षिततेचा अभ्यास करताना त्या माणसाचाही अभ्यास करावा लागतो, तो यासाठी.

"मग सरळ नवीन औषध का देत नाहीत?"

देतात आणि ते योग्यच आहे. फिटचा प्रकार, वय, इतर आजार पाहून लेव्हेटिरॅसिटाम किंवा लॅमोट्रिजिन आज अनेकांना आधी दिलं जातं. कारण फेनिटॉइनचे वर्षानुवर्षांचे परिणामही आहेत: हिरड्या वाढणं, अंगावर केस येणं, हाडं ठिसूळ होणं. फिटच्या काही प्रकारांत, उदाहरणार्थ मूल क्षणभर हरवल्यासारखं टक लावून बघतं त्यात, ते उपयोगी तर नाहीच, उलट त्रास वाढवू शकतं.

पण 'नवीन म्हणजे जास्त गुणकारी' असं मात्र सिद्ध झालेलं नाही. थांबत नसलेल्या फिटवर लेव्हेटिरॅसिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट या तिघांची तुलना अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत झाली, निष्कर्ष २०१९ साली आले. यश अनुक्रमे ४७, ४५ आणि ४६ टक्के, म्हणजे तिघंही सारखीच. त्याच वर्षी मुलांवरच्या दोन वेगळ्या चाचण्यांतही लेव्हेटिरॅसिटाम फेनिटॉइनपेक्षा सरस ठरलं नाही. तेव्हा निवड होते ती सोयीवर, धोक्यांवर आणि किमतीवर.

ज्यांचं फेनिटॉइनवर वर्षानुवर्षं छान चाललंय त्यांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. दिवस राहिले असतील तरीही गोळी आपणहून बंद करू नये. फेनिटॉइनमुळे गर्भात दोष निर्माण होऊ शकतात हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे, म्हणून मूल हवं असेल तर बदल आधीच, डॉक्टरांच्या देखरेखीत करून घ्यावा. मात्र एका बाबतीत वाट पाहू नये: सुरू केल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत तापासोबत अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर तडक दवाखाना गाठायचा. ही त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. तिचा धोका वाढवणारे काही जनुकीय बदल सापडले आहेत. त्यातला एक यकृताच्या त्याच मोरीचा, म्हणजे फेनिटॉइन निकामी करणाऱ्या विकराचा आहे आणि तो भारतीयांमध्येही आढळतो.

जाता जाता हिरड्यांबद्दल. या औषधानं हिरड्या वाढतात, तर मग जखमही भरत असेल का, असं काही डॉक्टरांच्या मनात आलं. फेनिटॉइनची पूड जखमेवर लावून पाहण्याचे प्रयोग त्यातून सुरू झाले. आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांवरही ते झाले. ठाम निर्वाळा देण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही, पण दुष्परिणामातूनही उपयोग शोधणारी ही नजर मला फार आवडते.

संशोधन आता कुठे चाललंय

नाकातून देता येईल का, अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून थेट मेंदूपर्यंत नेता येईल का, असे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला त्यांना वेळ आहे. मला जास्त जवळची वाटते ती एक साधी दिसणारी अडचण. फॉसफेनिटॉइन साधारणपणे २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. २०२० साली अमेरिकेत त्याचं एक नवं रूप मान्य झालं. त्यात औषधाचा रेणू साखरेपासून बनवलेल्या कड्यात बसवलेला असतो, त्यामुळे ते फ्रिजबाहेरही टिकतं. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात पावसाळ्यात वीज गेली की या फरकाचं मोल कळतं. तसं औषध तिथल्या कपाटात पोचेपर्यंत फ्रिज न लागणारी जुन्या फेनिटॉइनची बाटलीच हाताशी येते आणि ती लावणारी सिस्टर पुढची २४ मिनिटं रुग्णाचा हात जांभळा तर पडत नाही ना, हे बघत खाटेशी उभी राहते.